आधी कुरकुर पुरी होऊ द्या

वाचकाचं पत्र:

ताई, गेले अकरा दिवस आकाश उघडलेलं नाही. दुपारी बारा वाजताही घरात दिवा लावावा लागतो. आधी धाकट्याला सर्दी-ताप झाला, मग थोरलीला, मग ह्यांना, आणि आता मला. मोठं काही नाही हे मलाही कळतं. डॉक्टरांनी सांगितलं, साधं व्हायरल आहे, विश्रांती घ्या. पण कपडे वाळत नाहीत, घरभर कुबट वास, मुलं एकमेकांच्या अंगावर धावतात, माझं डोकं जड आणि अंग नुसतं मोडून येतंय. मुलांना ताप होता तेव्हा मी रात्र रात्र जागले. मला ताप आला त्या सकाळी पहिला प्रश्न आला, ‘मग आज स्वयंपाकाचं काय?’

सासूबाई म्हणतात, ‘लोकांकडे बघ जरा. कुणाच्या डोक्यावर छप्पर नाही, कुणाकडे औषधाला पैसे नाहीत. आपल्याला देवानं सगळं दिलंय, त्याचे आभार मान.’ त्या काही चुकीचं बोलत नाहीत. म्हणून मी एक वही घेतली आणि रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या ठरवल्या. तिसऱ्या रात्री ‘घर, नवरा, मुलं, नोकरी, आरोग्य’ असं लिहीत होते. ‘आरोग्य’ लिहिताना खोकल्याची उबळ आली आणि मला रडूच फुटलं. आभार मानायला जमत नाही म्हणून मी स्वतःवरच चिडते. ताई, मी कृतघ्न आहे का?

ता. क. काल रात्री नाक इतकं चोंदलं की झोपच येईना. सासूबाईंचा गुडघा सुजलाय, तरी त्या उठल्या, वाफेचं पाणी केलं, माझ्या डोक्यावरून टॉवेल धरून बसल्या. आणि तरी मी सकाळी त्यांच्यावर खेकसले. म्हणजे बघा.

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी तीनदा थांबले. ‘आभार मानायला जमत नाही म्हणून मी स्वतःवरच चिडते.’ सर्दी, ताप, मळभ, वाळत न घातलेले आणि घालूनही न वाळलेले कपडे, हे सगळं तुमच्यावर आधीच आहे. त्यावर हा आणखी एक बोजा तुम्ही आपणहून उचललाय. बाकीचं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरेल. हा मात्र आपण आत्ताच उतरवू, कारण तो उतरल्याशिवाय आभाराचा एक शब्दही मनापासून येणार नाही.

आधी शरीराची बाजू ऐका. ताप आला की माणूस गप्प होतो, कोपरा धरतो, कुणी बोललेलं सोसत नाही, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही. हा स्वभावाचा दोष नाही. 1988 साली बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाने आजारी प्राण्यांच्या वागण्यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. आजारी जनावर खात नाही, अंग चाटत नाही, सुस्त पडून राहतं. हा अशक्तपणाचा नुसता परिणाम नसून शरीराने आजाराशी लढण्यासाठी आखलेली रीत आहे, असं त्याने मांडलं. पुढे हे माणसांतही तपासलं गेलं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, आणि मेंदू सगळं बळ लढाईकडे वळवतो. आनंद, उत्साह, माणसांची ओढ या गोष्टी त्या काळात मागे पडतात. तापात जशी अंगाला कणकण येते, तशीच मनालाही येते, आणि दोन्हींचं मूळ एकच असतं.

म्हणजे तिसऱ्या रात्री तुम्ही वही उघडलीत तेव्हा ज्या मनाकडून आभार मागत होतात, ते मन त्या वेळी कामावर नव्हतंच. ते आजारी रजेवर होतं. पाय मुरगळलेल्या माणसाला धावता आलं नाही म्हणून आपण त्याला आळशी म्हणत नाही.

आमच्या घरी एक नियम आहे, तो मी तुम्हाला देऊन टाकते. अंगात ताप असताना संसाराचा हिशोब मांडायचा नाही. नवरा कसा आहे, मुलं कशी निघाली, आपण आयुष्यात काय मिळवलं, आपण चांगल्या की वाईट, यातला कुठलाही निकाल तापात द्यायचा नाही. ‘मी कृतघ्न आहे का’ हा प्रश्नही त्यातलाच. ताप उतरून दोन दिवस नीट झोप झाल्यावरही तो प्रश्न उरला तर मला पुन्हा लिहा. माझा अनुभव असा की तो उरत नाही.

आता मळभाबद्दल. अकरा दिवस आकाश उघडलं नाही, हे तुम्ही पत्राच्या अगदी पहिल्या ओळीत लिहिलंत आणि लगेच ‘मोठं काही नाही’ म्हणून झटकूनही टाकलंत. झटकू नका. 1983 साली नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि जेराल्ड क्लोर या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक साधासा प्रयोग प्रसिद्ध झाला. लख्ख उन्हाच्या आणि पावसाच्या दिवशी लोकांना फोन करून विचारलं, तुम्ही आपल्या आयुष्याबाबत किती समाधानी आहात? पावसाच्या दिवशी उत्तरं उदास आली. पण ज्यांना आधी सहज ‘तिकडे हवा कशी आहे?’ असं विचारलं होतं, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. आपल्या मनावरचं ओझं हवेचं आहे हे एकदा लक्षात आलं की माणूस ते आयुष्याच्या खात्यावर टाकत नाही, असा त्यांनी अर्थ लावला.

पुरतं सांगायचं तर 2013 साली रिचर्ड लुकास आणि निकोल लॉलेस यांनी अमेरिकेतल्या दहा लाखांहून अधिक लोकांची उत्तरं तपासली, आणि त्यांना हवेचा आयुष्याच्या समाधानावर ठाम, एकसारखा परिणाम सापडला नाही. त्यामुळे मळभाने आयुष्य काळवंडतं असं मी म्हणणार नाही. पण त्या फोनवरच्या साध्या प्रश्नाचा मला स्वतःला फार उपयोग झालाय. कुंद दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी मोठ्याने म्हणते, ‘आज हवा वाईट आहे, आणि घसाही दुखतोय.’ कुणी ऐकायला असो वा नसो. म्हटलं की ती गोष्ट बाहेर येते, तिला आकार येतो, आणि दिवसभर ती वेगवेगळे मुखवटे घालून माझ्याशी भांडत बसत नाही. कपड्यांवरचा राग कपड्यांपुरता राहतो.

प्रकाशाचं एक मात्र खरं आहे. आपल्याला घरात दिवा लावला की उजेड पुरेसा वाटतो, पण डोळा फसतो. उजेड लक्स या मापात मोजतात. घरातल्या दिव्याखाली साधारण शंभर ते पाचशे लक्स उजेड असतो, आणि भरून आलेल्या आभाळाखालीसुद्धा बाहेर हजार लक्सच्या वर, कितीतरी वेळा त्याच्या कैक पट. आपलं आतलं घड्याळ याच उजेडावर, विशेषतः सकाळच्या, लावलं जातं. तेव्हा अंथरूण सोडवत नसेल तर अंथरूणच खिडकीशी सरकवा. पडदा पूर्ण बाजूला करा. अर्धा तास तिथे नुसतं बसा, फोन न घेता. मळभ असलं तरी खिडकीशी बसण्याला अर्थ आहे, हे मला फार उशिरा कळलं. ऊन नाही तर खिडकी कशाला, म्हणून मी कितीतरी दिवस पडदे ओढून पडून राहिले आहे.

आता तुमच्या वहीकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

वहीचा मार्ग खोटा नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकला यांनी 2003 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढे जगभर पसरलेल्या त्या ‘पाच गोष्टी लिहा’ सल्ल्याच्या मुळाशी बरंचसं तेच काम आहे. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, आपण ज्यांबद्दल कृतज्ञ आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. दुसऱ्या एका प्रयोगात मज्जा आणि स्नायूंचे दीर्घ आजार असलेली माणसं होती. त्यांनी एकवीस दिवस रोज लिहिलं, आणि त्यांची झोप सुधारली असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या जवळच्या माणसांनाही ते आयुष्याबाबत अधिक समाधानी वाटले. म्हणजे अंग दुखत असताना कृतज्ञता जमूच शकत नाही असं नाही. ती जमते. पण ‘घर, नवरा, मुलं, नोकरी, आरोग्य’ अशी नाही जमत.

ही यादी बघा ना. ती तुमची कुठे आहे? ती कुणाच्याही वहीत सापडेल. ती लिहायला त्या दिवसाकडे बघावंही लागत नाही. इतकी मोठी नावं घेतली की त्यांच्यामागे काहीच दिसत नाही, आणि मन लगेच प्रतिप्रश्न करतं. आरोग्य? मग हा खोकला कसला? नवरा? मग सकाळी स्वयंपाकाचं कुणी विचारलं? तुम्हाला रडू आलं ते खोटं लिहवत नव्हतं म्हणून. मला त्या रडण्याचा आदर वाटतो.

आणि ‘लोकांकडे बघ’ या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. सासूबाईंच्या मनात वाईट काही नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनी हेच शिकवलं. पण दुसऱ्याच्या छप्पर नसण्यावर माझं समाधान उभं करायचं, हे मला कधीच बरं वाटलं नाही. त्याने फार तर गप्प बसता येतं. ‘माझ्यावर ती वेळ नाही’ हा सुटकेचा निःश्वास आहे, आभार नव्हेत. वर सांगितलेल्या अभ्यासाच्या एका भागातही ‘आपण इतरांपेक्षा कशात बरे आहोत’ असं लिहिणाऱ्यांचा गट मुद्दाम वेगळा ठेवला होता. त्या दोन गोष्टी एक नाहीत हे त्या संशोधकांनाही दिसत होतं. आभार मानायला समोर कुणीतरी लागतं, आणि त्याने केलेलं काहीतरी लागतं. दुसऱ्याचं दुःख तिथे कामाला येत नाही. दुसऱ्याच्या दुःखासाठी काही करायचं असेल तर ते जरूर करावं, पण ते आपल्या सर्दीवरचं औषध म्हणून नको.

तर मग आभार शोधायचे कुठे? अगदी जवळ. इतकं जवळ की मोठ्या मनाला ते दिसतच नाही.

मागच्या आजारपणातली गोष्ट सांगते. पाचवी-सहावी रात्र असेल. नाक पूर्ण बंद, तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेला. मी एका कुशीवर पडून होते, मग दुसऱ्या कुशीवर वळले, आणि काही मिनिटांनी वरच्या बाजूची नाकपुडी हलकेच उघडली. आधी एक बारीक शिट्टीसारखा आवाज, मग थंड हवेची एक रेघ नाकातून थेट आत गेली. आपल्या नाकपुड्या आळीपाळीने काम करतात. काही तास एक जास्त मोकळी, मग दुसरी. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टराने 1895 सालीच हे टिपून ठेवलंय. एरवी आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सर्दीत मात्र ती पाळी बदलताना कळते, आणि कूस बदलली की खालची बंद होऊन वरची सुटते हेही कळतं. त्या रात्री त्या एका नाकपुडीने मला झोप दिली. मी अंधारात खरोखर हात जोडले. ‘आरोग्य’ हा शब्द लिहून मला कधी तसं वाटलं नव्हतं.

तेच आजारपण, दुसरी सकाळ. जाग आली तर उशाशी स्टूल ओढून ठेवलेलं. त्यावर पाण्याचा पेला, पेल्यावर बशी झाकलेली. शेजारी दोन रुमाल, घडी घालून, एकावर एक नाही तर शेजारी शेजारी, म्हणजे एक उचलताना दुसरा पडू नये. फोनच्या चार्जरची वायर पलंगाच्या पायाला गुंडाळून माझ्या हाताशी आणलेली. हे कधीतरी पहाटे, दिवा न लावता केलेलं होतं, कारण मला जाग आली नव्हती. मी पडल्या पडल्या ती बशी बघत राहिले. रोजच्या धावपळीत मी तो पेला गटागट पिऊन टाकला असता आणि रिकामा पेला मोरीत कोण ठेवणार म्हणून कुरकुरले असते. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, ‘पेला झाकून ठेवलास ना, ते कळलं मला.’ तो म्हणाला, ‘धूळ जाते.’ एवढंच बोलणं झालं. पण त्या आठवड्यात रोज पेल्यावर बशी होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. वहीत पाच मोठे शब्द नकोत. एक लहान गोष्ट, ती पाहिलेली, हाताला लागलेली, त्या दिवसाचीच. आणि त्यामागे माणूस असेल तर वहीआधी त्या माणसाला सांगायची. ‘थँक्यू’ म्हणायचीही गरज नाही, आपल्या घरांत तो शब्द अवघडल्यासारखा येतो. काय केलं ते नेमकं सांगितलं की पुरतं. ‘तू आवाज न करता दार लावलंस.’ ‘माझी गोळी तू आठवणीने बाहेर काढून ठेवलीस.’ समोरच्याला कळतं की आपण पाहिले गेलो. ज्या दिवशी अशी एकही गोष्ट दिसणार नाही त्या दिवशी पान कोरं ठेवा. कोरं पान हे पाप नाही.

पण त्याआधी कुरकुर. ती पुरी होऊ द्या. मला वाटतं आपण हे क्रमाने चुकतो. तक्रार पोटात ठेवून तिच्यावर आभाराचं झाकण ठेवायला जातो, आणि मग ते झाकण दिवसभर खडखडत राहतं. तुमच्या पत्रात मला जी खरी सल दिसली ती मळभाची नाही, सर्दीचीही नाही. ‘मुलांना ताप होता तेव्हा मी जागले, मला ताप आला तेव्हा स्वयंपाकाचं विचारलं.’ हे दुखलंय. दुखायलाच हवं. कृतज्ञ असणं म्हणजे हे गिळणं असा अर्थ कुणी लावत असेल, तर तो मला मान्य नाही. घरात एकच माणूस सगळ्यांची उशी होत असेल आणि ते आजारी पडल्यावर घर त्याच्याकडे जेवण मागत असेल, तर त्या माणसाने वही उघडायच्या आधी तोंड उघडायला हवं.

भांडून नाही. ताप आहे, भांडायचं बळ वाया जाईल. सरळ कामाची भाषा बोला. ‘मला थोडी मदत करा’ असं म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि कुणीच उठत नाही, कारण ‘थोडी’ म्हणजे काय हे कुणालाच कळत नाही. त्याऐवजी: ‘आज आणि उद्या मी स्वयंपाकघरात येणार नाही. दोन्ही वेळचं तुम्ही बघा, साधं काहीही चालेल. धाकट्याची रात्रीची गोळी तुमच्याकडे. थोरली कपडे पंख्याखाली पसरेल आणि उलटे करेल.’ आणि मग, हे सगळ्यात अवघड आहे, खरोखर पडून राहा. कपडे नीट पसरले नसतील. स्वयंपाकघरातून नको ते आवाज येतील. कुणीतरी विचारायला येईल की अमुक कुठे आहे. सांगा, आणि डोळे मिटा. तुम्ही उठून ‘राहू दे, मीच करते’ म्हणालात की पुढच्या आजारपणातही तोच प्रश्न येणार. यजमानांनी तो प्रश्न दुष्टपणाने विचारला असेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत त्यांना त्याचं उत्तर शोधायची वेळच आली नसेल. ती आता येऊ द्या. आणि त्यांनी जे काही पुढ्यात आणून ठेवलं, त्यात मीठ कमी असलं तरी, त्यातलं एक काहीतरी नेमकं शोधून त्यांना सांगा. इथे आभार खरे असतील, कारण तुम्ही आधी मागितलंत आणि त्यांनी दिलं.

मुलांबद्दल थोडकंच. बंद घरात, अर्धवट बरी झालेली मुलं भांडणारच, त्यांच्या अंगात ताकद परत आली आहे आणि ती जायला जागा नाही. त्यांना ‘चांगलं काय घडलं ते सांगा’ असं बसवू नका, ते तुम्हाला खूश करायला काहीही सांगतील. आमच्याकडे मुलं लहान असताना रात्री दिवा मालवल्यावर आधी प्रत्येकाने दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगायची, मनसोक्त. कुणी मध्ये समजवायचं नाही. ‘दादाने माझं पांघरूण ओढलं.’ ‘बाहेर जाऊ दिलं नाही.’ सगळं ऐकून घेतलं की थोड्या वेळाने, कुणी न विचारता, अंधारातून एखादा आवाज यायचाच: ‘पण मग त्याने परत दिलं.’ मी त्या ‘पण मग’ची वाट बघायची. तो नेहमीच आला असं नाही. आला नाही त्या रात्री आम्ही तसेच झोपलो.

आजाराबद्दल काही गोष्टी लिहून ठेवते, कारण चुकीच्या अपेक्षेने माणूस जास्त चिडतो. साधी सर्दी सात ते दहा दिवस घेते, पण खोकला तिच्यानंतरही मागे राहतो. 2013 च्या एका मोठ्या आढाव्यात साध्या तीव्र खोकल्याचा सरासरी काळ सुमारे अठरा दिवस निघाला, आणि लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. म्हणजे दहाव्या दिवशी ‘अजून कसं गेलं नाही’ म्हणून आपण घाबरतो, तेव्हा आजार बहुधा आपल्या गतीने ठीक चाललेला असतो. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर त्यांचा उपयोग नसतो, आणि तो रंग बरेचदा आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हेही सर्वसाधारण आहे, तुमच्या काळजी घेण्यात काही कमी पडलेलं नाही. झोप मात्र कुठूनही मिळवा. 2015 साली 164 लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या एका प्रयोगात, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. तुम्ही रात्र रात्र जागलात आणि मग तुमचा नंबर लागला, यात नवल नाही. आणि मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नका, भांडं कलंडून मुलं भाजतात. मोठ्यांनीही जपून.

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, उतरून परत चढला, धाप लागली, छातीत दुखलं, पाणीही पोटात ठरेना, किंवा कुणी गुंगीत बोलू लागलं, तर मात्र ‘साधं व्हायरल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि मनाचं म्हणाल तर: अंग बरं होऊनही दोन आठवडे सलग उदासी टिकली, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं. दरवर्षी ठराविक ऋतूतच असं होत असेल तर आवर्जून सांगा. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली या ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, आणि त्यावर प्रकाशाचे उपचारही आहेत. जगायलाच नको असं कधी मनात आलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी हलवून उठवायचं. तिथे वही, आभार, माझा हा सल्ला, काहीच पुरेसं नाही.

आता तुमचा प्रश्न. कृतघ्न आहात का.

तुमच्या पत्रात वर सगळी तक्रार आहे आणि खाली ताजा कलमात चार ओळी आहेत. तुम्ही त्या आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिल्यात, ‘म्हणजे बघा’ असं शेवटी जोडून. मी बघितलं. गुडघा सुजलेला, हे तुमच्या लक्षात आहे. त्या उठल्या, हे लक्षात आहे. पाणी करून देऊन परत जाऊन झोपल्या नाहीत, टॉवेल धरून बसल्या, हेही लक्षात आहे. वहीत तीन रात्री जे उतरलं नाही ते इथे, स्वतःवर रागावता रागावता, आपसूक उतरलंय. जिला काही दिसत नाही तिने हा टॉवेल लिहिला नसता.

खेकसलात त्याबद्दल ‘चुकलं’ म्हणा, थोडक्यात, फार रडारड न करता. मग त्यांच्याजवळ बसा. ‘तुम्ही माझ्यासाठी किती करता’ असं काही म्हणू नका, त्या हात झटकतील आणि ‘त्यात काय’ म्हणतील. टॉवेलाचं सांगा. तो मागून घसरत होता आणि त्या धरून होत्या, असं काही असेल तर तेच सांगा. आणि त्यांचा गुडघा तुमच्या हाताला येईल असं बसा.

तुमची,
ताई